धाराशिवच्या बाया आणि दारात आलेलं पत्र



ब्लँचर्डस्टाउनमध्ये घरातल्या बायकांच्या नावानं ‘सर्व्हायकलचेक’चं पत्र येतं, ते तुम्ही पाहिलं असेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची ही मोफत तपासणी 2008 मध्ये सुरू झाली. तेव्हा 44 वर्षांपर्यंत दर 3 वर्षांनी बोलावत. मार्च 2020 पासून तिशीनंतर दर 5 वर्षांनी बोलावतात. ‘पैसे वाचवायला तिनाची पाच केली,’ असं आपल्यातही कुणी ना कुणी म्हणतं. आज त्या पाच वर्षांची गोष्ट सांगतो. तिची एक वाट मराठवाड्यातून येते.

1999 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या. गावांचे 52 समूह करून सोडतीनं चार गट पाडले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी मिळाली.

निकाल 2009 मध्ये छापून आला. विषाणूची चाचणी फक्त एकदाच झालेल्या सुमारे 34 हजार स्त्रियांपैकी 34 जणी या कर्करोगानं गेल्या. चौथ्या गटातल्या सुमारे 31 हजारांपैकी 64 गेल्या. बाकी दोन तपासण्यांनी मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. चौथ्या गटाला तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे वादही झाला. त्या 64 जणींचा विसर पडू नये.

पण एका अभ्यासावर देशाचं धोरण ठरत नाही. आयर्लंडमध्ये हे तोलायचं काम ‘हिक्वा’ या संस्थेकडे आहे. तिथे पद्धतशीर आढावा घेतात. म्हणजे काय? आधी प्रश्न नेमका ठरवायचा: कोणत्या वयाच्या स्त्रिया, कोणती चाचणी, कशाशी तुलना, कोणता परिणाम. नियम आधीच लिहून ठेवायचे, म्हणजे निकाल पाहून सोयीचे अभ्यास निवडता येत नाहीत. मग हजारो शोधनिबंधांची यादी काढायची आणि दोघांनी स्वतंत्रपणे चाळायची. वगळलेल्याचं कारण नोंदवायचं. प्रत्येक अभ्यासात कुठे पक्षपात शिरला असेल, तेही तपासायचं.

यात वेळ प्रचंड जातो. तो वाचतो प्रश्न आटोपशीर ठेवल्यानं, आणि आधीचा चांगला आढावा असेल तर त्यात नव्या अभ्यासांची भर घातल्यानं. दुसरा वाचक काढून टाकून वाचवलेला वेळ मात्र महागात पडतो. एकाच्या नजरेतून सुटलेलं मग कुणालाच दिसत नाही.

2014 मध्ये चार युरोपीय देशांतल्या 1 लाख 76 हजार स्त्रियांचे आकडे एकत्र आले. विषाणूची चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर पुढची कितीतरी वर्षं धोका फार कमी राहतो, हे त्यात दिसलं. मराठवाड्यातही तेच दिसलं होतं. 2017 मध्ये हिक्वानं सल्ला दिला: आधी विषाणू शोधा, तो सापडला तरच पेशी पाहा. खर्चाचा हिशोब त्यांनी मांडला, नाही असं नाही. पण पाच वर्षांना आधार आहे तो चाचणी अधिक भरवशाची असण्याचा.

तरी कोणतीही चाचणी शंभर टक्के नसते. मधल्या काळात अवेळी रक्तस्राव झाला, तर पत्राची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

आणि पत्र आलं की ते फ्रिजवर चिकटवून विसरू नका. वेळ घ्या. आई, बहीण, वहिनी यांनाही विचारा, गावाकडे फोन कराल तेव्हाही. या पत्रामागे लाखो बायका आहेत, त्यातल्या काही आपल्याच गावच्या.

पुन्हा भेटू. नमस्कार!