पाणलोटातला मतदार

पाटबंधारे खात्याच्या भाषेत धरणाच्या दोन बाजूंना दोन नावे आहेत. वरच्या अंगाला, जिथे पाऊस पडतो आणि पाणी साठते, तो पाणलोट. खालच्या अंगाला, जिथवर कालवा पोहोचतो, ते लाभक्षेत्र. महाराष्ट्रातील लोकशाही, मतदान आणि सार्वजनिक धोरण यांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी जे संशोधन केले, ते वाचताना हे दोन शब्द वारंवार आठवतात. भोर तालुक्यातील भाटघर हे त्या दृष्टीने तपासून पाहावे असे ठिकाण आहे. या एका धरणाच्या पाण्याने ज्या गावांचे राजकारण घडवले, त्यांतली काही गावे इंग्रजी समाजशास्त्रीय ग्रंथांत जाऊन बसली. ज्या खोऱ्याने ते पाणी साठवायला जागा दिली, ते खोरे त्या ग्रंथांत पार्श्वभूमीपुरतेच उरले.

हे असे का झाले, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम धरणाचा इतिहास थोडक्यात. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेच्या खोऱ्यात कालव्याची योजना उभी राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत वेळवंडी नदीवर भाटघर येथे पहिले दगडी धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या इंजिनिअरचे नाव होते. पुढे त्याच्या जागी त्याहून कितीतरी मोठे धरण आले. ते १९२७-२८ मध्ये पूर्ण झाले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आज जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी येथे साठते. ते नदीतून वीरपर्यंत जाते आणि तेथून डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे, उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे वळते.

यात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबावे अशी एक गोष्ट आहे. वेळवंडीचे खोरे भोर संस्थानात होते, म्हणजे पंतसचिवांच्या मुलखात. धरण बांधणारे सरकार मुंबईचे, ब्रिटिश. डाव्या कालव्याचे लाभक्षेत्र ब्रिटिश पुणे जिल्ह्यातले. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई विधिमंडळाच्या निवडणुका होऊ लागल्या, तेव्हा बारामती-इंदापुरातल्या निदान सारा भरणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याला त्या विधिमंडळासाठी मत होते. मताधिकार अगदी तोकडा होता हे खरेच, पण होता. ज्यांची जमीन पाण्याखाली जात होती ते संस्थानची प्रजा असल्यामुळे, धरणाचा खर्च ज्या सभागृहात मांडला जाई त्या सभागृहाशी त्यांचा कोणताच संबंध नव्हता. त्यांच्या वतीने बोलायचे ते संस्थानिकाने, आणि तेही राजकीय एजंटाच्या मार्फत. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर भोरही मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतर आलेल्या १९५१-५२ च्या निवडणुकीत या खोऱ्यातला माणूस पहिल्यांदा सार्वत्रिक मताधिकाराने मतदार झाला. तोपर्यंत लॉईड धरण दोन तपांचे जुने झाले होते. मत हातात आले तेव्हा ज्या प्रश्नावर ते द्यायचे तो प्रश्न निकाली निघालेला होता.

आता संशोधक कुठे गेले ते पाहू. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांचे जे सर्वेक्षण केले, त्याचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंचनाच्या आर्थिक परिणामांच्या अभ्यासातला तो पायाभूत ग्रंथ मानला जातो, आणि योग्यच मानला जातो. पण त्याचे उपशीर्षक वाचा: प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांचे सर्वेक्षण. प्रश्न लाभाचा होता, म्हणून सर्वेक्षण लाभक्षेत्रात झाले. यात गाडगिळांचा दोष काढण्याचे कारण नाही. सरकारला नवी धरणे परवडतात की नाही हे त्या वेळी ठरवायचे होते. पण पुढच्या पिढीने हा प्रश्न जसाच्या तसा उचलला आणि अर्थशास्त्रातून तो राज्यशास्त्रात आला.

१९६० च्या दशकात अँथनी कार्टर हा तरुण संशोधक फलटण तालुक्यात आला. त्याच्या अभ्यासातून तयार झालेला ‘एलिट पॉलिटिक्स इन रूरल इंडिया’ हा ग्रंथ १९७४ मध्ये केंब्रिजने छापला. सत्तेत हिस्सा असणारा वर्ग आणि बाकीचा समाज यांतली दरी, पुढाऱ्यांच्या आपसांतल्या युत्या, आणि त्या युत्यांमागून फिरणारी मते हा त्याचा विषय. १९७० च्या सुमारास डोनाल्ड ॲटवूड बारामती तालुक्यात, डाव्या कालव्याच्या प्रदेशात आला. माळेगावच्या सहकारी साखर कारखान्याचा आणि ऊसकरी शेतकऱ्यांचा त्याने कित्येक वर्षे पाठपुरावा केला. ‘रेझिंग केन’ हे त्याचे पुस्तक १९९२ चे. लहान आणि मोठ्या शेतकऱ्यांचे हितसंबंध कारखान्यात एकत्र का येतात, याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण आजही वर्गात शिकवण्याजोगे आहे: कारखाना चालवायचा तर पुरेसा ऊस हवा, आणि तो लहान शेतकऱ्याला सोबत घेतल्याशिवाय मिळत नाही. हे दोन्ही अभ्यास उत्तम आहेत. दोघांच्याही पायाखालचे पाणी भाटघरचे होते. कार्टर उजव्या कालव्यावर, ॲटवूड डाव्यावर. कालव्याच्या उगमाकडे उलटे चालत जाण्याची गरज दोघांच्याही प्रश्नाने निर्माण केली नाही.

पुण्यातही चित्र फार निराळे नव्हते. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाचे प्रा. सिरसीकर यांनी १९६२ च्या निवडणुकीचा पुणे मतदारसंघापुरता अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायोतील एका काउंटीत मतदारांच्या पुनःपुन्हा मुलाखती घेतल्या होत्या. मतदाराला प्रत्यक्ष विचारून त्याचे वर्तन समजून घेण्याची ती रीत सिरसीकरांनी पुण्यात आणली. १९६७ च्या निवडणुकीत एस. एम. जोशी पुण्यातून निवडून आले. तिच्यावरील त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘सॉव्हरिन्स विदाउट क्राउन्स’, म्हणजे मुकुट नसलेले राजे. मुकुट असलेला राजा कालपरवापर्यंत ज्यांच्या डोक्यावर होता, त्या भोरच्या माणसाला हे शीर्षक कसे वाटले असते असा विचार मनात येतो.

१९६२ च्या त्या निवडणुकीआधी सातच महिने, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत फुटले होते. पानशेत वेल्हे तालुक्यातले. धरण वेल्ह्याचे, पूर पुण्याचा. गोखले संस्थेच्या सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी पूरग्रस्तांच्या पुनर्वसनाचा जो अभ्यास केला तो १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नागरी आपत्तीवरील भारतीय अभ्यासांत त्याचे स्थान मोठे आहे. पुण्यातल्या विस्थापितांना त्यामुळे इतिहासात जागा मिळाली. पाण्याच्या वरच्या बाजूला धरणासाठी आधीच हललेली माणसे मात्र त्या आपत्तीच्या व्याख्येत बसत नव्हती, कारण त्यांचे विस्थापन ही आपत्ती नव्हती, योजना होती.

येथे कुणी कटाचा वास घेऊ नये. कारणे साधी आहेत. सत्ता जिथे दिसते तिथे सत्तेचा अभ्यासक जातो. कारखाना, सहकारी बँक, पंचायत समिती, जिल्हा परिषद, त्यांतील गटबाजी, हे सारे लाभक्षेत्रात ठळक होते. गाव मोठे, रस्ता बरा, राहायला खोली, बोलायला पुढारी. पाणलोटातली वस्ती विखुरलेली, पावसाळ्यात तुटलेली, आणि कर्ता पुरुष पुष्कळदा मुंबईला. प्रबंधाला मुदत असते आणि विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची अखेरची तारीख.

याला ठळक अपवाद राजेंद्र व्होरा यांचा. पुणे विद्यापीठातल्या या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक १९९४ मध्ये मराठीत लिहिले आणि पुढे २००९ मध्ये त्याचा इंग्रजी विस्तार प्रसिद्ध झाला. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मावळ्यांनी दिलेला लढा हा त्याचा विषय. व्होरांनी पुढाऱ्यांच्या भाषणांवर समाधान मानले नाही. बुडणारी जमीन नेमकी कुणाची, सावकाराची की कसणाऱ्याची, आणि पुण्याच्या पुढाऱ्यांत व मावळ्यांत अंतर कुठे पडले, हे त्यांनी विचारले. ज्या वर्षांत मुळशीत सत्याग्रह पेटला त्याच वर्षांत डोंगराच्या पलीकडे भाटघरचे मोठे धरण उभे राहत होते. मुळशी ब्रिटिश मुलखात, पुण्याच्या वृत्तपत्रांच्या हाकेच्या अंतरावर, वेळवंडी संस्थानात. एकाच सह्याद्रीच्या दोन खोऱ्यांपैकी एकाला सेनापती बापट लाभले आणि इतिहासकारही, हा फरक भूगोलाचा नसून राजकीय सीमेचा असावा, असे मला वाटते. या तुलनेवर कुणी स्वतंत्र लघुप्रबंध लिहावा.

साहित्य या बाबतीत राज्यशास्त्राच्या मागे राहिले नाही. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ ची, म्हणजे व्होरांच्या पुस्तकाच्याही आधीची. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. धरणग्रस्त हा केवळ अर्जदार नसून राजकीय माणूस आहे, हे मराठी वाचकाला एका कादंबरीने सांगितले. मराठीच्या अध्यापकांनी आपल्या शेजारच्या विभागाला ही आठवण करून द्यायला हरकत नाही.

आता आजचा मतदारसंघ. २००८ च्या पुनर्रचनेनंतर भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी असे तीन तालुके आले. (वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. संस्थानी कारभारात राजगड आणि प्रचंडगड असे दोन निराळे तालुके होते, हे जाता जाता.) भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी, मुळशी: सगळा मतदारसंघच पाणलोट. आणि हा मतदारसंघ ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात मोडतो, त्यात बारामती, इंदापूर, पुरंदर आणि दौंड हे पाणी वापरणारे भागही आहेत, आणि पुणे शहराला लागून असलेले खडकवासलाही. धरणाच्या दोन्ही बाजू एकाच खासदाराला मत देतात. मतदानवर्तनाच्या विद्यार्थ्याला याहून नेमकी प्रयोगशाळा कुठे मिळणार?

प्रश्नही तयार आहेत. १९९९ मध्ये काँग्रेसचे मातब्बर नेते अनंतराव थोपटे राष्ट्रवादीच्या काशिनाथ खुटवड यांच्याकडून हरले आणि २००४ मध्ये पुन्हा निवडून आले. त्यांचे पुत्र संग्राम थोपटे २००९ पासून तीनदा जिंकले. २०२४ च्या मे महिन्यात भोरने लोकसभेसाठी सुप्रिया सुळे यांना मताधिक्य दिले आणि नोव्हेंबरात त्याच मतदारांनी अजित पवारांच्या पक्षाचे शंकर मांडेकर यांना विधानसभेत पाठवले. याचे उत्तर ‘लाट’ या एका शब्दात देणारे पुष्कळ भेटतील. मांडेकर मुळशीचे, आणि मुळशीचा पूर्व भाग आता हिंजवडीमुळे शहर झाला आहे. तेव्हा भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांनी काय केले हे वेगळे काढून पाहावे लागेल.

ते काढता येते. निवडणूक आयोगाच्या नमुना २० मध्ये मतदान केंद्रनिहाय आकडे मिळतात. मतपत्रिकांच्या काळात त्या मोजणीपूर्वी मिसळण्याची सोय नियमांत होती; यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा कौल उघडा झाला. विद्यार्थ्याची सोय झाली, आणि येथेच त्याची कसोटी आहे. बारामतीच्या केंद्रावर हजाराच्या आसपास मते असतील. सह्याद्रीच्या कुशीतल्या एखाद्या वाडीच्या केंद्रावर ती फारच थोडी. तिथे आकडा छापणे म्हणजे घरे मोजून दाखवणे. अनेक केंद्रांची मोजणी एकत्र करणाऱ्या ‘टोटलायझर’ यंत्राचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये मांडला होता. तो अमलात आलेला नाही. तोवर वाडीचे नाव प्रबंधात घालावे की नाही, हे मार्गदर्शकाने आणि विद्यार्थ्याने मिळून ठरवायचे आहे.

प्रश्नावलीची अडचण आणखी निराळी. १९९७ पासून काम करणाऱ्या ‘लोकनीती’ गटाने, ज्यात पुण्याचे सुहास पळशीकर अग्रभागी होते, मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे निवडून घरी जाऊन मुलाखत घेण्याची शिस्त राज्याराज्यांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लावली. मत कुणाला दिले ते तोंडाने न विचारता नकली मतपत्रिका पेटीत टाकायला द्यायची, ही त्यातली सभ्य युक्ती. पण पाणलोटात यादीतले नाव घरी सापडत नाही. ते पुण्यात रिक्षा चालवत असते. जी सापडते ती म्हातारी पंधरा प्रश्नांना ‘माहीत नाही’ म्हणते आणि सोळाव्याला, धरणाविषयी न विचारताच, धरणाविषयी बोलू लागते. कोष्टकात ‘मत नाही’ या रकान्यात स्त्रिया आणि कमी शिकलेले लोक नेहमीच जास्त भरतात. तो रकाना अज्ञानाचा समजावा की प्रश्नकर्त्याच्या भाषेचा, हा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असा आहे.

आणि शेवटी धोरण. नीरा देवघरचे धरण भोर तालुक्यात झाले, पण त्याचे कालवे अपूर्ण राहिल्याने पाणी डाव्या कालव्याला मिळत राहिले. जून २०१९ मध्ये, लोकसभेचा निकाल लागताच, राज्य शासनाने ते जादा पाणी थांबवले; सरकार बदलल्यावर २०२० मध्ये वाटपाचा निर्णयही बदलला. वृत्तपत्रांतून गाजलेला हा वाद बारामती विरुद्ध माढा असा होता, म्हणजे डावा कालवा विरुद्ध उजवा. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरे गावचे बुडालेले शिवमंदिर उघडे पडते आणि छायाचित्रकार तिकडे जातात. त्याच आठवड्यांत, पाणी कुठल्या कालव्याला सोडायचे यावर खाली भांडण चालू असताना, त्या काठावरच्या केंद्रांनी २०१९ च्या मे आधी आणि नंतर मते कशी दिली, याचे नमुना २० चे कागद कुणीही मागवू शकतो.