दारासमोरची हिरवळ आणि परक्याची गाडी

‘येथे वाहन लावल्यास चाकांतील हवा सोडण्यात येईल.’ पुण्यातील जुन्या पेठांपासून नव्या उपनगरांपर्यंत अशा आशयाच्या पाट्या अनेक फाटकांवर दिसतात. बाहेरगावच्या पाहुण्याला त्यात गंमत वाटते. पाटी लावणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो शेवटचा उपाय असतो. विनंती करून झालेली असते, वाद घालून झालेला असतो आणि तरीही सायंकाळी परत आल्यावर हिरवळीवर अनोळखी मोटार उभी असते.

बंगल्यांच्या वसाहतींत हा प्रश्न गेल्या काही वर्षांत तीव्र झाला आहे. पुण्याचा प्रभात रस्ता, नाशिकचा कॉलेज रोड, कोल्हापूरचे ताराबाई पार्क या भागांची आखणी झाली तेव्हा रस्ते तेथील रहिवाशांपुरते होते. पुढे बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. तळमजल्यांवर दवाखाने, शिकवणीचे वर्ग, बँका आणि उपाहारगृहे सुरू झाली. पुण्यातील वाहनांची संख्या लोकसंख्येच्याही पुढे गेल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीतून दिसून आले होते. जागा शोधत फिरणाऱ्या चालकाला कुंपणाबाहेरचा हिरवा पट्टा किंवा कुंपण नसलेले मोकळे अंगण मोफत वाहनतळासारखे वाटते. एक गाडी उभी राहिली की तिच्या शेजारी दुसरी येते.

नुकसान केवळ गवताचे होत नाही. हिरवळीखाली बहुधा जलवाहिनी, सांडपाण्याचे चेंबर किंवा विजेच्या अर्थिंगचा खड्डा असतो. चेंबरचे झाकण मोटारीच्या भाराने फुटू शकते. त्याहून गंभीर बाब म्हणजे फाटक अडले, तर रात्री-अपरात्री रुग्णाला बाहेर काढणे कठीण होते. वृद्ध माणसे एकटी राहतात अशा घरांत ही भीती रोजची असते.

मात्र संतापाच्या भरात केलेले उपाय अनेकदा घरमालकावरच उलटतात. म्हणून दगड टाकण्यापूर्वी किंवा पाटी रंगवण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधणे आवश्यक ठरते. ज्या जागेवर गाडी उभी राहते, ती जागा नेमकी कोणाची?

आधी हद्द पाहावी

कुंपणाच्या भिंतीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पट्टा आपलाच आहे, असा अनेकांचा समज असतो. वर्षानुवर्षे तेथे पाणी घातलेले असते, झाडे लावलेली असतात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हा पट्टा रस्त्याचाच भाग असतो. काही वेळा तो मूळ भूखंडातील असला, तरी रस्तारुंदीकरणासाठी पालिकेकडे हस्तांतरित झालेला असतो आणि त्याबदल्यात मालकाने वाढीव चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकासहक्क घेतलेला असतो. अशा पट्ट्यावर हिरवळ वाढवली म्हणून मालकी येत नाही.

खात्री करण्याचे मार्ग सोपे आहेत. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक आणि पालिकेने मंजूर केलेला इमारतीचा नकाशा यांवरून भूखंडाची मापे समजतात. वाद असल्यास भूमी अभिलेख खात्याकडे शुल्क भरून मोजणी मागता येते. मोजणीनंतर हद्दीच्या खुणा कायम करून घेतल्यास पुढील प्रत्येक पाऊल भक्कम होते.

हद्दीबाहेर रस्त्याचा कायदा

जागा रस्त्याची असेल तर तेथे घरमालकाला मालकीहक्क नसतो. परंतु तो निराधारही नसतो. पदपथावर आणि कोणत्याही आवाराच्या प्रवेशद्वाराला अडथळा होईल अशा रीतीने वाहन उभे करण्यास १९८९ च्या रस्ता नियमांनी मनाई केली होती. त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही ती कायम राहिली. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२२ इतरांना धोका किंवा गैरसोय होईल असे वाहन सोडून जाण्यास प्रतिबंध करते. कलम १७७ खालील सर्वसाधारण दंडाची मर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपये करण्यात आली.

दंडापेक्षा उपयुक्त तरतूद कलम १२७ मध्ये आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेले, अथवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन उचलून नेण्याचा किंवा त्याच्या चाकाला कुलूप लावण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. वाहन उचलण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो. हा अधिकार पोलिसांचा आहे; घरमालकाचा नाही.

फाटकच अडवून एखाद्याला बाहेर पडू न देणे ही केवळ वाहतुकीची चूक राहत नाही. जाण्याचा हक्क असलेल्या दिशेने कोणाला जाणूनबुजून जाऊ न देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ नुसार गैरनिरोधाचा गुन्हा ठरू शकतो. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

हद्दीच्या आत मालकाचा हक्क

गाडी भूखंडाच्या आत, खासगी हिरवळीवर उभी असेल तर चित्र बदलते. जनतेला प्रवेशाचा हक्क नसलेली जागा मोटार वाहन कायद्याच्या अर्थाने सार्वजनिक ठिकाण नसते. त्यामुळे वाहतूक पोलीस तेथील गाडी उचलण्यास बहुधा तयार होत नाहीत. तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात करावी लागते.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या आहे. मात्र त्यासाठी केवळ प्रवेश पुरेसा नाही. गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा अथवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. कुंपण नाही, पाटी नाही आणि पूर्वी कोणी हटकलेले नाही, अशा जागेत चुकून गाडी लावणाऱ्याचा हेतू सिद्ध करणे अवघड असते. याउलट, पाटी ठळक असताना आणि लेखी सूचना मिळाल्यानंतरही तीच गाडी पुन्हा येत असेल तर तक्रारीला वजन प्राप्त होते. पाटीचे खरे मोल येथे आहे. तिच्यातील भाषा धमकीची नव्हे, माहितीची असावी: ‘खासगी जागा. वाहन लावण्यास परवानगी नाही.’

त्रास नित्याचा असल्यास दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये त्याची तरतूद आहे. दिनांकासह छायाचित्रे, गाडीचा क्रमांक आणि पाठवलेल्या सूचनांच्या प्रती येथे उपयोगी पडतात.

शेजारधर्म म्हणून गाडी लावू देणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील कलम १५ नुसार एखादी वहिवाट वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून चालू राहिली तर तिच्या आधारे सुविधाधिकाराचा दावा केला जाऊ शकतो. परवानगीने केलेला वापर हक्क म्हणून केलेला मानला जात नाही. त्यामुळे दोन ओळींचे परवानगीपत्र लिहून घेण्यात संकोच करू नये. त्यात अविश्वास नसून उद्याच्या भांडणाला घातलेला बांध असतो.

हवा सोडण्याचे धाडस

पाटीवरची धमकी प्रत्यक्षात आणली तर काय होते? दुसऱ्याच्या वस्तूची उपयुक्तता हेतुपुरस्सर कमी करणे हा संहितेच्या कलम ३२४ नुसार आगळिकीचा गुन्हा ठरू शकतो. गाडीवर चरे ओढणे किंवा आरसा फोडणे याबाबत तर शंकाच राहत नाही. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्याने दिला आहे. परंतु पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर तो वापरता येत नाही. उभी असलेली रिकामी गाडी हे त्या स्वरूपाचे संकट मानले जाणे कठीण आहे. चाकाला साखळी बांधून ‘दंड’ मागणे तर आणखी धोक्याचे.

हेच रस्त्यावर ठेवलेल्या दगडांना, लोखंडी अँगलना आणि सिमेंट भरलेल्या डब्यांना लागू होते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार रस्त्यात परवानगीशिवाय अडथळा उभारता येत नाही आणि आयुक्त तो विनासूचना काढून टाकू शकतात. अंधारात एखादा दुचाकीस्वार त्यावर आदळला तर जबाबदारी दगड ठेवणाऱ्यावर येते. हद्दीबाहेर अडथळा हवा असेल तर क्षेत्रीय कार्यालयाकडे पदपथावर खुंट बसवण्याची किंवा वाहतूक शाखेकडे ‘नो पार्किंग’ची अधिकृत पाटी लावण्याची मागणी करावी. रहिवाशांच्या सह्यांचे एकत्रित निवेदन एकट्याच्या पत्रापेक्षा लवकर पुढे सरकते.

अडथळा कसा असावा?

स्वतःच्या हद्दीत मात्र अडथळा उभारण्याची मोकळीक आहे आणि सर्वांत टिकाऊ उपाय तोच. त्यात मापांना महत्त्व आहे. बहुतेक मोटारींचा तळ जमिनीपासून १६ ते २० सेंटिमीटर उंच असतो. त्यामुळे १५ सेंटिमीटरच्या कडेवर चाक सहज चढते. बुटके दगड गाडी मागे घेताना चालकाला दिसतही नाहीत. कमरेएवढ्या उंचीचे, पांढरे पट्टे रंगवलेले खुंट अधिक योग्य. लहान मोटारही सुमारे दीड मीटर रुंद असते. खुंटांत १.२ मीटर अंतर ठेवल्यास मोटार अडते, चाकाची खुर्ची मात्र जाऊ शकते. दुचाकी या फटीतूनही आत शिरतात. त्यांच्यासाठी सलग वाफा किंवा झुडपांची रांगच हवी.

मेंदी, अडुळसा, कोरांटी ही झुडपे कमी निगराणीत दाट होतात. करवंदाची जाळी वाढायला वेळ घेते, पण एकदा वाढली की तिच्यातून कोणी गाडी नेत नाही. काटे पदपथावर येऊ नयेत म्हणून ती हद्दीपासून आत लावावी. पक्की भिंत बांधायची असल्यास उंचीची मर्यादा पालिकेच्या बांधकाम विभागाकडे आधी विचारावी. काचा, खिळे किंवा अंधारात न दिसणारी तार यांचा अवलंब कदापि करू नये.

दबलेली माती

गाडी हटल्यावरही गवत का येत नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. मोटारीचे चाक प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दोन किलोंच्या आसपास भार टाकते. त्याखाली मातीतील हवेची छिद्रे मिटतात आणि पाणी मुरत नाही. ओल्या काळ्या मातीत हे नुकसान सर्वाधिक होते. पावसाळ्यातील एक रात्र उन्हाळ्यातील अनेक दिवसांना भारी पडते. माती वाफशावर आली की गार्डन फोर्कने दहा-बारा सेंटिमीटर खोल छिद्रे पाडून त्यांत वाळू आणि कंपोस्टचे मिश्रण भरावे. शोभेच्या नाजूक गवतापेक्षा हरळी अशा जागी लवकर सावरते.

आधी बोलणे, मग नोंद

गाडी लावणाऱ्यांत कायमचे बेफिकीर थोडेच असतात. बहुतेक जण समोरच्या दवाखान्यात आलेले रुग्ण किंवा वर्गाला मुलांना सोडणारे पालक असतात. त्यामुळे प्रत्येक चालकाशी भांडण्यापेक्षा दवाखान्याच्या किंवा वर्गाच्या चालकांना भेटून स्वागतकक्षात सूचना लावण्यास सांगणे परिणामकारक ठरते. गाडीच्या काचेवर ठेवलेली सौम्य चिठ्ठी पहिल्या वेळी पुरते. दुसऱ्या वेळी छायाचित्र काढावे, तिसऱ्या वेळी लेखी तक्रार करून पोच घ्यावी. फाटक अडले असून तातडीने बाहेर पडायचे असेल तर ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

शहरात गाडी लावायला जागा नाही हे खरे; पण त्याची भरपाई कोणाच्या अंगणाने करावी, असे कोणताही कायदा म्हणत नाही. त्याचबरोबर कुंपणाबाहेरचा रस्ता आपला नाही, हेही घरमालकाने मान्य करायला हवे. हद्दीची खूण स्पष्ट असली की निम्मे वाद उद्भवत नाहीत. आणि उरलेल्या निम्म्यांत चाकाची हवा सोडणाऱ्यापेक्षा नोंदी ठेवणाऱ्याची बाजू वरचढ ठरते.