काळी, पांढरी आणि पंडरी

घोटाळा एका ह-काराने केला. पुतण्या मेलबर्नहून फोनवर होता आणि समोर आमची आई. त्याच्या कार्यालयातल्या कुणाला तरी आपल्या खापरपणजोबाचे नाव जहाजाच्या यादीत सापडले होते. इंग्लंडातले बंदर, वय, धंदा, सगळे एका ओळीत. तेव्हापासून याच्याही डोक्यात किडा शिरला. "आजी, आपण मूळचे कुठले गं?" आई म्हणाली, "आपली पांढरी कोणती ते आता कुणाला ठाऊक, बाबा." तिकडून तत्काळ उत्तर आले, "ठाऊक काय आजी, पंडरीच की! कापड मार्केटच्या मागे."

रायपूरच्या पंडरीत वाढलेल्या मुलाचे यात काही चुकले असे मला वाटत नाही. मराठी तो घरात शिकला आणि 'पांढरी' हा शब्द घरातून केव्हाच उठून गेला होता. मी मात्र त्या रात्री कोश काढून बसलो.

मराठी गावाचे दोन रंग. पिकते ती काळी, नांदते ती पांढरी. काळीला आपण अजून आई म्हणतो, पांढरीला पोरकी केली. जुन्या कागदांत दोघी जोडीने येतात आणि अर्थ पायरीपायरीने सरकताना दिसतो. आधी रंग, मग त्या रंगाची माती, मग तिच्यावरची घरे, आणि शेवटी घरांतली माणसे. पांढरीने काही ठरवले म्हणजे गावाने ठरवले. रंगवाचक विशेषणाने इतकी मजल मारल्याची उदाहरणे फार नसावीत.

पण गावठाणाची माती पांढरी का? दख्खनचा दगड काळा, त्याची माती काळी, आणि घराखालीच तेवढी फिकी कशी? मातीची भिंत पडते, तिच्यावर नवी उभी राहते. चुलीची राख, शेणाचा सडा, जनावरांची हाडे, चुना असे शेकडो वर्षे थरावर थर चढत जातात आणि टेकाड होते. पुराणवस्तू शोधणाऱ्यांना ही खूण चांगली माहीत आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठी इनामगावला खणले, तिथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची घरे निघाली. अशा टेकाडांची माती शेतकरी मात्र वर्षानुवर्षे गाड्या भरून काळीत नेऊन टाकत आले आहेत, कारण ती उत्तम खत. म्हणजे पांढरी पुन्हा काळीच्या पोटात जाते.

तिथे सर्वांत जास्त काय सापडते, तर खापऱ्या. यावरून 'खापरपणजोबा' आठवला. आजा हा 'आर्यक'पासून आलेला दिसतो, पणज्यातला 'प' हा 'प्र' असावा; नप्तृचा नातू, प्रनप्तृचा पणतू, तसेच हे. पण 'खापर' कशाला? संस्कृत 'कर्पर' म्हणजे फुटक्या भांड्याचा तुकडा, आणि कवटीही. यांतला कोणता अर्थ नात्याला चिकटला ते सांगणे कठीण. मला पहिला आवडतो. खापरपणजोबा म्हणजे ज्याचे मडके पांढरीत फुटून पडले तो. व्युत्पत्तीत आवडीला स्थान नाही हे मान्य.

'कर्पर'चे 'खापर' होताना 'क'ला ह-कार मिळाला. 'पनस'चा फणस, 'बुस'चा भुसा हीच रीत. 'पाण्डर'चे 'पांढर' याच ओढीने झाले असावे, फक्त इथे ह-कार शब्दाच्या मध्यावर उतरला आहे आणि तेवढ्यापुरती शंका उरते. मूळ संस्कृत 'पाण्डु', 'पाण्डर', 'पाण्डुर' यांचा रंग पांढराशुभ्र नाही, पिवळट फिका आहे. पांडुरोग्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा. तेलुगूत 'पंडु' म्हणजे पिकलेले फळ, आणि द्राविड भाषांतला हा पिकण्याचा धातूच संस्कृत 'पाण्डु'च्या मागे असावा अशी एक अटकळ आहे. पिकलेल्या पानाचा रंग म्हटले की जुळते खरे.

आणि पंढरी? ती या चर्चेत न बोलावता येणारच. पंढरपूरच्या १२३७ च्या शिलालेखात गावाचे नाव 'पंडरगे' असे येते, ढ नाही. हेमचंद्राच्या देशीनाममालेत 'पंडरंग' म्हणजे रुद्र. भांडारकरांना 'पांडुरंग' हे देवाचे नाव गावाच्या नावावरून आले असे वाटे. तसे असेल तर पांडुरंगाचा पांढऱ्या रंगाशी संबंध मागाहून जोडलेला, आणि मूर्ती काळी का हा कीर्तनकारांचा लाडका प्रश्न मुळातच गैरलागू. वारकरी मला क्षमा करोत.

आता आमची पंडरी. छत्तीसगढीत 'पंडरा' म्हणजे पांढरा, गोरा. त्याचे स्त्रीलिंग 'पंडरी'. म्हणजे पुतण्याची पंडरी आणि आईची पांढरी एकाच 'पाण्डर'च्या नाती, एकीला ह-कार मिळाला आणि दुसरीला नाही, एवढेच. वस्तीला हे नाव मातीवरून पडले असावे, कारण छत्तीसगढी शेतकरी मातीला रंगापोतावरून नावे ठेवण्यात मराठी कुणब्याला मागे टाकतो. पिवळसर ती मटासी, काळी ती कन्हार, दोन्हींच्या मधली डोरसा, मुरमाड तांबडी ती भाठा. 'कन्हार'कडे जरा निरखून पाहा. प्राकृतात 'कृष्ण'चा 'कण्ह' होतो, त्याचाच आपला कान्हा. कन्हार त्याच कुळातली असावी. तसे असेल तर कन्हार आणि पंडरी ही थेट काळी-पांढरीची जोडी झाली, फरक एवढाच की इथल्या पंडरीने गावठाण हा अर्थ धरलेला दिसत नाही. (पंडरीचा जुना बस अड्डा अलीकडे भाटागावला गेला. त्या 'भाटा'त भाठा असेल, तर रायपूरच्या एसट्या पांढऱ्या मातीवरून मुरमावर गेल्या. 'एसटी' हा शब्द इथे आम्ही काही मराठी माणसेच वापरतो.)

मराठी माणूस इथवर आला तो भोसल्यांच्या मागून. १७४१ मध्ये भास्कररामाची फौज रतनपुरावर आली, १७५८ पासून बिंबाजी भोसले तिथे राहून राज्य करू लागला. तो १७८७ मध्ये वारला. त्याच साली मे महिन्यात पोर्ट्समथहून कैद्यांनी भरलेली जहाजे निघाली आणि पुढल्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाला लागली. त्या हद्दपारांचे वंशज एके काळी खापरपणजोबाचे नाव लपवत, आता भिंतीवर लावतात. त्यांच्याजवळ याद्या आहेत, कारण त्यांना नेणारे सरकार होते आणि सरकार डोकी मोजते. आमचे लोक फौजेमागून, कचेरीमागून, बैलगाडीने आले. त्यांना कोण मोजणार?

कचेरीने ठेवले ते शब्द. सुभेदार विठ्ठल दिनकराने १७९० च्या सुमारास इथले परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे नेमले. कमाविसदाराची काहीजण फारसी 'कम-ओ-बेश', म्हणजे उणे-अधिक, अशी फोड करतात. मला ती ओढूनताणून आणलेली वाटते, 'कमावणे' इतके जवळ असताना. बरारपांड्याची गंमत अधिक. 'बरार' म्हणजे सारापट्टीची आकारणी, तिचा हिशेब ठेवणारा तो बरारपांडे. मग बऱ्हाणपांडे, बऱ्हाडपांडे ही आडनावे वऱ्हाडावरून आली, हे आपण इतकी वर्षे समजून चाललो ते तपासायला हवे. १८१८ मध्ये इंग्रज देखरेख करू लागले तशी राजधानी रतनपुराहून रायपूरला आली, आणि मराठी कारकून तिच्यासोबत. तात्यापारा हे नाव त्यांच्यापैकीच कुणा तात्याचे असावे. 'पारा' हा संस्कृत 'पाटक'. बंगाल्यांचा पाडा, आपल्या ठाण्या-पालघरचा पाडा तोच.

आजही छत्तीसगढात पूर्वज शोधायचा म्हणजे 'मिसल' काढायची. जातीच्या दाखल्यासाठी लोक जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत पणजोबाचे नाव हुडकतात. अरबी 'मिस्ल' म्हणजे सारखे. एकासारखे एक कागद लावले की नस्ती होते. आपली मिसळ मात्र 'मिश्र'ची पोर, हिचा-तिचा काही संबंध नाही. पुतण्याला हे सांगितले तेव्हा त्याला तर्रीची आठवण आली आणि विषय तिथेच अर्धा तास अडला.

घरात एक कागद आहे. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत, तुरटीच्या पुडीशेजारी घडी करून ठेवलेला, मोडीतला. फारखत आहे ती. 'फारिग' म्हणजे मोकळा, 'खत' म्हणजे लेख. मोकळे झाल्याचा लेख. पुढे बोलण्यात त्याची फारकत झाली आणि नवराबायकोपुरती उरली. इथे भाऊ भावापासून मोकळा होतो आहे. घाटणी सरळ आहे, शाई तपकिरी पडली आहे, घडीवर दोन अक्षरे झिजली आहेत, पण एवढे स्वच्छ वाचता येते, की लिहून देणार हल्ली मुक्काम रायपूर, आणि मौजे मजकूरच्या काळीपांढरीशी त्याचा यापुढे अर्थाअर्थी संबंध नाही.

'हल्ली' हा अरबी 'हाल'चा, चालू काळाचा शब्द. ती हल्ली चालू होऊन पाच पिढ्या झाल्या. कानडीत 'हळ्ळी' म्हणजे खेडे, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खरी मेख 'मजकूर'मध्ये आहे. आमचे आजोबा हिंदी शाळेत शिकलेले. त्यांनी हा कागद कुणाकडून तरी वाचून घेतला आणि आयुष्याची दहाएक वर्षे 'मजकूर' नावाचे गाव शोधले. वऱ्हाडच्या नकाशावर त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा अजून आहेत: माजरी, मांजरखेड, एका ठिकाणी चक्क मंगरूळ आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'मजकूर' हे 'जिक्र'चे भावंड, अर्थ 'वर सांगितलेले'. वर सांगितले म्हणून मजकूर, मग कागदावर जे सांगितले ते सगळेच मजकूर, आणि आता वर्तमानपत्रातला. मौजे मजकूर म्हणजे वर नाव दिलेले गाव.

वर म्हणजे पहिल्या बंदावर. आमच्या पेटीत आहे तो दुसरा.

पुतण्याने मोबाईलवर वंशावळीचे काही घेतले आहे, त्यात मूळ गावाचा चौकोन रिकामा सोडता येत नाही. गेल्या रविवारी त्याने आजीला पुन्हा विचारले. आईने आधी तो कागद मागवला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, मोडी तिला येत नाही. मग म्हणाली, "पंडरी लिही. आणि आधी 'हल्ली' घाल."