लुटुपुटूचा बाण

'लुटुपुटूची लढाई' हा शब्दप्रयोग आपण मराठीत बहुधा उपहासाने करतो. जिच्यात कोणाचे काहीच पणाला लागलेले नाही, ती लढाई लुटुपुटूची. मात्र अशी लढाई कोणालाही इजा न होता पार पाडणे किती कष्टाचे असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात आम्हांला या लढाईतील एका लहानशा वस्तूचा, फोमचे डोके लावलेल्या बाणाचा, इतिहास पाहावयाचा आहे. 'लाइव्ह ॲक्शन रोल प्ले', संक्षेपाने 'लार्प', या खेळात हा बाण वापरतात. खेळणारा प्रत्येक जण एखादे पात्र होतो, त्याचा वेष धारण करतो आणि पाठ केलेल्या संहितेवाचून, मोकळ्या रानात किंवा जुन्या वास्तूत, त्या पात्राचे आयुष्य जगतो. येथे वेगळा प्रेक्षक नसतो, सगळेच नट.

खेळाचे नाव नवे असले तरी त्यामागील ओढ जुनी आहे. उल्रिख फॉन लिश्टेनश्टाइन हा तेराव्या शतकातील सरदार आणि कवी १२४० साली राजा आर्थरच्या वेषात फेरीवर निघाला. त्याच्याशी भाल्यांची झुंज यशस्वीपणे खेळणाऱ्यांना गोलमेजाच्या सरदारांची नावे मिळत. या फेरीचे वर्णन त्याने आपल्या 'फ्राउएनडीन्स्ट' या काव्यात केले आहे. साहित्यातून खेळ निघाला आणि खेळातून पुन्हा साहित्य निर्माण झाले, असे हे उदाहरण होय. अशा झुंजींसाठी भाल्याच्या अणीऐवजी लहान मुकुटासारखे बोथट टोक बसविण्याची पद्धत रूढ होती. तरीही धोका टळत नसे. १५५९ साली पॅरिसमध्ये एका उत्सवातील झुंजीत फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या डोळ्यात मोडक्या भाल्याची ढलपी शिरली आणि दहा दिवसांनी तो मरण पावला. टोक बोथट करणे पुरेसे नसते आणि डोळा हाच सर्वांत उघडा दरवाजा असतो, हे दोन्ही धडे या एका मृत्यूत आहेत.

आपल्याकडील उदाहरण हिमाचल प्रदेशातील 'ठोडा' या खेळाचे. शिमला, सिरमौर, सोलन या भागांत वैशाखीच्या सुमारास तो खेळला जातो. एक पक्ष पांडवांचा, दुसरा कौरवांचा वारसा सांगतो. बाणाच्या अग्राला लाकडाचा गोल तुकडा लावतात. त्यालाच ठोडा म्हणतात आणि त्यावरूनच खेळाला नाव मिळाले. नेम गुडघ्याखालीच धरावयाचा असतो. समोरचा खेळाडू वाद्यांच्या तालावर पाय नाचवीत बाण चुकवितो. महाभारताचे वैर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवणे आणि त्या वैराने कोणाचा जीव जाऊ न देणे, ही दोन्ही कामे तो लाकडी गोळा करतो.

आधुनिक लार्पचा प्रवाह विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मध्ययुगाच्या चाहत्यांची एक संस्था उदयास आली. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, फासे आणि कल्पनाशक्ती यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध झाला. १९७७ साली अमेरिकेतील मेरीलँड येथे टॉल्किनच्या साहित्याने भारावलेल्या तरुणांनी फोमच्या शस्त्रांची लढाई मांडली. १९८२ साली इंग्लंडमधील चेशर परगण्यात पेकफर्टन किल्ल्यावर 'ट्रेझर ट्रॅप' हा खेळ सुरू झाला. गंमत अशी की, तो किल्लाही एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन थाटात बांधलेला. लुटुपुटूच्या लढाईला लुटुपुटूचाच किल्ला लाभला!

त्याच वर्षी १५४५ साली बुडालेले 'मेरी रोझ' हे इंग्लिश युद्धनौकेचे अवशेष समुद्रातून वर काढण्यात आले. तिच्यावरील शंभराहून अधिक धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण हाती आले. ही धनुष्ये पूर्ण ओढण्यास शंभर पौंडांहून अधिक बळ लागत असावे, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. लार्पच्या अनेक नियमावल्यांत हीच मर्यादा, दोरी २८ इंच ओढली असता, ३० पौंडांची ठेवलेली आढळते. खरे धनुष्य आणि खेळातले धनुष्य यांतील अंतर असे मोजता येते.

बाणाची घडण याहून उद्‌बोधक आहे. काठीचे टोकदार फळ काढून टाकतात. काठीच्या टोकावर नाण्याएवढी सपाट, कडक चकती बसवितात. नाहीतर आघाताच्या वेळी काठीच फोम भेदून बाहेर यावयाची. चकतीवर आधी घट्ट आणि मग मऊ फोमचा थर, त्यावर कापडाचे किंवा चामड्याचे आवरण. डोक्याचा व्यास साधारण दोन इंच ठेवतात. कारण एकच: ते डोळ्याच्या खोबणीत शिरता कामा नये. दुसऱ्या हेन्रीच्या मृत्यूचे उत्तर जणू या दोन इंचांत आहे. खेळापूर्वी प्रत्येक बाण तपासतात. काठी वाकवून तडा पाहतात, डोके दाबून आतले काही टोचते का हे पाहतात, पिळून ते सैल झाले नाही ना याची खात्री करतात. जमिनीवर पडलेला बाण पुन्हा तपासल्यावाचून दोरीला लावावयाचा नाही, तोंडावर नेम धरावयाचा नाही आणि माणूस जवळ असेल तर दोरी पूर्ण ओढावयाची नाही, असे दंडक असतात.

इतका खटाटोप बाणासाठीच का? फोमची तलवार खेळणारा शेवटच्या क्षणी हात आवरू शकतो. समोरचा अडखळला, त्याचा चष्मा पडला, तर वार थांबविता येतो. सुटलेला बाण मात्र कोणाचे ऐकत नाही. म्हणून तलवारबाजाने ऐन वेळी दाखवावयाची माणुसकी धनुर्धराला आधीच, घरी बसून, डिंक आणि फोम यांच्या साहाय्याने बाणात भरून ठेवावी लागते. पात्र आणि नट यांतील भेद आपण वर्गात सिद्धान्त म्हणून शिकवितो. येथे तो भेद त्या दोन इंचांच्या डोक्यावर उभा आहे. बाण लागला की पात्र मरते, नट कपडे झटकून उठतो. हा भेद ज्या दिवशी फाटला, त्या दिवशी खेळ संपला.

दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात 'महाभारत' मालिका चालू होती, तेव्हा आम्ही शाळकरी वयात होतो. रविवारी मालिका संपली की आळीआळीत कुरुक्षेत्र उभे राही. बांबूच्या कांबीचे धनुष्य, केरसुणीच्या हिरांचे बाण. आमच्यापैकी एकाने सोडलेला असा एक हीर शेजारच्या मुलाच्या डोळ्याला लागला. त्याची दृष्टी वाचली, परंतु बुबुळावर पांढरा ठिपका कायमचा राहिला. मित्राने कधी बोल लावला नाही. हिराच्या टोकाला चिंधीचा बोळा बांधावा, एवढे मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. आम्हांला अर्जुन व्हावयाचे होते. समोरचा कर्ण म्हणजे रोज डबा वाटून खाणारा आपला मित्र आहे, याचा विसर पडला होता. फोमच्या बाणाचा इतिहास लिहावासा वाटला, तो यामुळेच.