ख्रिस्त एक, मंडळ्या अनेक

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लोकांच्या चरित्रांत बाप्तिस्म्याचा दिवस बहुधा नाटकाच्या शेवटच्या अंकासारखा रंगविलेला असतो. घर सुटले, जात गेली, सोयऱ्याधायऱ्यांनी दार लावून घेतले, मस्तकावर पाणी पडले आणि पडदा खाली आला! चरित्रकार मिशनरी असला तर तो येथे ईश्वराचे आभार मानतो. हिंदू असला तर हळहळतो. पुढे काय झाले हे पाहावयास दोघेही थांबत नाहीत. वस्तुतः विचारी माणसाची खरी अडचण येथून पुढेच सुरू होत असे. ख्रिस्त पत्करला हे ठीक. पण त्याच्या नावाने उभ्या असलेल्या इतक्या घरांपैकी आपले घर कोणते? 'चर्च' ह्या शब्दास आपल्याकडील ख्रिस्ती लोक 'मंडळी' असा मोठ्या जिव्हाळ्याचा शब्द योजतात. मंडळी म्हटली की बैठक आली, पंगत आली, आपलेपणा आला. नेमक्या ह्याच गोष्टींना जो मुकून आला, त्यास त्या पुन्हा कोठे सापडाव्यात, हा प्रश्न केवळ धर्मग्रंथ वाचून सुटण्यासारखा नव्हता.

पुष्कळांच्या बाबतीत तो योगायोगानेच सुटे. मुंबईत १८१३ साली आलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्यात प्रत्येक ठिकाणची मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र, डोक्यावर बिशप नाही. स्कॉटिश लोक प्रेसबिटेरियन. त्यांचा कारभार वडिलांच्या सभेकडे. इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे लोक बिशप मानणारे. आणि त्यांच्यातही एक पक्ष प्राचीन विधींकडे झुकलेला, तर दुसरा त्यात रोमचा वास येतो म्हणून नाक धरणारा. वसईस व गोव्यास तर रोमन कॅथलिक देवळे सोळाव्या शतकापासून उभी होती. नगरचा मनुष्य अमेरिकन मंडळीत जाई, कारण नगरास अमेरिकन होते. मुंबईतला विद्यार्थी ज्या शाळेत इंग्रजी शिकला तिच्या चालकांचा पंथ घेई. मताची पारख करून घर निवडणारा विरळा.

आणि ह्या घरांतील भांडणांचे मूळ कोठल्या कोठे असे! १८४३ साली स्कॉटलंडात चर्च दुभंगले. गावच्या पाळकाची नेमणूक जमीनदाराने करावी की मंडळीने, हे त्या तंट्याचे मूळ. वतनाच्या वादांशी परिचित असलेल्या वाचकास तो फार समजावून सांगावयास नको. एडिंबरोत पडलेला तडा मुंबईपर्यंत आला. डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी नव्या 'फ्री चर्च'कडे गेले, शाळेची इमारत जुन्या चर्चच्या स्वाधीन केली आणि दुसऱ्या जागी पुन्हा शाळा मांडली. विल्सन कॉलेज ते हेच. तत्त्वासाठी इमारतीवर पाणी सोडणाऱ्यांची निष्ठा वाखाणण्यासारखी आहे, ह्यात शंका नाही. पण त्यांच्या आश्रयास नुकतेच आलेले जे दोनचार देशी तरुण होते, त्यांस स्कॉटलंडातील जमीनदारांच्या हक्कांशी काय कर्तव्य होते, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

नीलकंठशास्त्री गोरे ह्यांनी मात्र ही निवड योगायोगावर सोडली नाही. १८२५ साली बुंदेलखंडात जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित मिशनऱ्यांचे खंडन करावयास निघाले आणि १८४८ मध्ये जौनपुरास बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. ज्या सोसायटीने त्यांस आश्रय दिला, ती इंग्लिश चर्चमधील साध्या, उपदेशप्रधान पक्षाची होती. गोरे हळूहळू त्याच चर्चच्या दुसऱ्या टोकास गेले: विधी, उपवास, परंपरा आणि बिशपांची अखंड मालिका मानणाऱ्या पक्षाकडे. पुढे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यासी संघात ते उमेदवार म्हणून राहिले. पण अखेरची प्रतिज्ञा त्यांनी घेतली नाही. मला त्यांचे हे स्थलांतर फार स्वाभाविक वाटते. काशीच्या शास्त्र्यास नुसती पोथी पुरत नाही; पोथीचा अर्थ सांगणारा संप्रदाय लागतो. ज्याने सहा दर्शने तर्काच्या ऐरणीवर घातली, त्यास तर्क माणसास कोठे नेऊन उघड्यावर सोडतो हेही ठाऊक होते. म्हणून त्याने छप्पर भक्कम पाहिले.

पुण्यातील पंचहौद मिशन ह्याच पक्षाचे. १८९० मधील तेथला चहा लोकमान्यांस आणि रानड्यांस किती महाग पडला, ते वाचक जाणतातच. पण त्याच्या आधी सातआठ वर्षे त्या मिशनच्या भगिनींशी पंडिता रमाबाईंची ओळख झाली होती, आणि ती ओळख बाईंस कितीतरी दूर घेऊन गेली.

१८८३ मध्ये रमाबाई विलायतेस निघाल्या त्या वैद्यक शिकावे म्हणून. आईबाप दुष्काळात गेले होते, पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये वारले होते. पदरी दोन वर्षांची मनोरमा, आणि प्रवासखर्चाचा आधार म्हणजे 'स्त्रीधर्मनीति' ह्या स्वतःच्या पुस्तकाची विक्री. वाँटेज येथील त्या भगिनींच्या मठात त्या उतरल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकाचा बेत बारगळला. ह्याच भगिनींचे लंडनमध्ये फुलम येथे पतित स्त्रियांसाठी आश्रयस्थान होते. ज्यांस आपल्याकडे दाराशी उभे करीत नाहीत, त्यांची सेवा कुलीन स्त्रिया आपखुषीने करीत आहेत, हे पाहून रमाबाईंचे मन हलले. त्यात गोऱ्यांची पत्रे आली. १८८३ च्या २९ सप्टेंबर रोजी वाँटेजच्या देवळात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. बाईंस ओढून नेले ते त्या सेवेने. सिद्धांतांची यादी त्यांच्यापुढे पुरती उलगडली ती नंतर.

ती यादी पाहून बाई थबकल्या. चेल्टनहॅमच्या कन्यापाठशाळेत शिकत आणि शिकवीत असता त्यांनी सिस्टर जेराल्डिन ह्यांच्याशी केलेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. तो वाचताना प्रथम हसू येते आणि मग अंगावर काटा उभा राहतो. वाद काही ठिकाणी अगदी क्षुल्लक दिसतो. बाई अंडे घातलेले पक्वान्न खात नाहीत, म्हणजे जातीचा अभिमान अजून गेला नाही, असे सिस्टरना वाटते. क्रुसावर लॅटिन अक्षरे आहेत; बाई विचारतात, लॅटिनच का? आमच्या संस्कृतात काय उणे आहे? ब्राह्मण संस्कृतास देववाणी मानतात तसे तुम्ही लॅटिनला मानता की काय? ह्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. पुढे त्रिमूर्तीसारख्या दिसणाऱ्या त्रैक्याचा प्रश्न निघाला, कुमारीगर्भाचा निघाला, अथनेशियसच्या मतांगीकाराचा निघाला. आणि चर्चची आज्ञा म्हणून हे मान करावे, असे सांगण्यात येताच बाई ताठ झाल्या. आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या घटक आहो, परंतु पाळकांच्या वा बिशपांच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द उचलण्यास बांधलेल्या नाही. हिंदुस्थानातील उपाध्यायवर्गाचे जोखड महत्प्रयासाने मानेवरून काढले, ते दुसऱ्या उपाध्यायांचे घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. मठाच्या अन्नावर राहणाऱ्या, परदेशात एकट्या, लेकुरवाळ्या विधवेने हे लिहिले, हे विसरू नये.

बिशपांशीही प्रसंग आला. बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानात त्यामुळे त्यांचे नाव बिघडेल. बाई आश्चर्याने लिहितात की, माझ्या आईने आणि मी तरुण पुरुषांस शिकविले त्यास माझ्या वडिलांनी वा पतीने कधी हरकत घेतली नाही, ती येथे इंग्रज लोक घेत आहेत! अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी बायकोस संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करला होता. त्यांच्या मुलीस विलायतेत येऊन स्त्रीमर्यादेचा पाठ ऐकावा लागला.

सिस्टर जेराल्डिन ह्यांस मात्र दुष्ट ठरविणे अन्यायाचे होईल. त्यांनी मनोरमेवर आईसारखी माया केली, आणि ज्या पत्रांत आपलीच बाजू पुष्कळदा लंगडी पडते ती जपून ठेवली. तंटा मुळात मायेचाच होता. मुलीच्या मनावर कोणती मते बिंबवावयाची, ह्यावरून दोघींत जे शब्द झाले ते सिद्धांतवादापेक्षा अधिक कडू आहेत.

१८८६ मध्ये बाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे दुसराच देखावा दिसला. बोस्टन येथे १८८७ साली त्यांच्या साहाय्यार्थ जी सभा स्थापन झाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, म्हणजे त्रैक्य न मानणारे. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स हे बिशप मानणाऱ्या चर्चचे विख्यात उपदेशक. ज्या मुद्द्यावर वाँटेजला रात्रीच्या रात्री पत्रे लिहिली गेली, तो मुद्दा बाजूस ठेवून ही माणसे मराठी विधवांसाठी वर्गणी गोळा करीत होती. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात बाईंनी तेथील धर्मपंथांस एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, ह्यात नवल नाही. मात्र पंथांच्या ह्या गर्दीने आपण गोंधळलो होतो, असेही त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत सांगितले आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मोपदेश व्हावयाचा नाही असा करार होता. बाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये ह्यावरून गहजब झाला. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. इकडे कित्येक मिशनऱ्यांची तक्रार नेमकी उलट होती: बाई उघड उपदेश करीत नाहीत, त्या अर्थी त्यांचे ख्रिस्तीपण पातळ. ह्याच सुमारास बाईंच्या मनात जो पालट झाला त्याविषयी त्या म्हणत की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यानंतर सिद्धांतांविषयींच्या त्यांच्या शंका मावळल्या; त्या पुष्कळ बाबतींत जुन्या मताच्याच झाल्या. परंतु मानेवर जोखड घेतले नाही ते नाहीच. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी केडगावास 'मुक्ती' उभी राहिली, ती कोणा एका मिशनच्या छत्राखाली नव्हे. मिनी अब्राम्स ह्या मेथडिस्ट बाई तेथे साहाय्यास होत्या. १९०५ मध्ये तेथे धर्मजागृतीची लाट आली. शेकडो मुली एकदम मोठ्याने, रडत, हात वर करून प्रार्थना करू लागल्या. विलायती शिस्तीत वाढलेल्या पाहुण्यांस हा प्रकार चमत्कारिक वाटे. बाईंनी तो थांबविला नाही. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. खेडवळ बाईस कळेल असा शब्द सापडेपर्यंत त्या थांबत. खिळे जुळविणाऱ्या मुक्तीच्याच मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची गोष्ट ह्याहून निराळी. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी भायखळ्याच्या अमेरिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला, पण तो देशी पाळकाच्या, तुकाराम नाथोजींच्या, हातून. हा त्यांचा आग्रह होता. रमाबाईंची अडचण सत्तेची होती, तर टिळकांची सुरांची म्हणता येईल. परक्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते ज्या मंडळीत गात, तेथे त्यांनी अभंग नेला, कीर्तन नेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या ह्या कवीस पूल ओलांडल्यावर तो मागे मोडून टाकावासा वाटला नाही. बावीस वर्षे मिशनमध्ये काढून, 'ज्ञानोदया'च्या मराठी अंगाचे संपादन करून, १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. तेथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही बसावयास जागा होती. गुरू एक ख्रिस्त. पंचावन्नाव्या वर्षी बांधलेले घर सोडून पुन्हा अंगणात येऊन बसण्याचे हे धाडस आहे. त्यास हातात दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले, आणि दरबारास त्यांच्यामागे बरकत आली नाही. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे अपुरे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांनी स्वतः पतीच्या मंडळीत पाऊल टाकावयास पाच वर्षे घेतली होती, आणि त्या पाच वर्षांतील सोवळ्याओवळ्याची झुंज 'स्मृतिचित्रां'त अशी उतरली आहे की, धर्मशास्त्राचे एकही पुस्तक तिच्यापुढे उभे राहू नये.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. गोऱ्यांचे बिशप मानणारे, विल्सनसाहेबांचे वडिलांची सभा मानणारे आणि टिळकांचे दोन्ही न मानणारे, असे तिघेही तेव्हा एका छपराखाली आले. बिशप मात्र राहिले.