गोठणहानी, बांधकाम द्रव्यांची
गोठणहानी, बांधकाम द्रव्यांची : थंड हवामानाच्या प्रदेशांत दगड, वीट, गिलावा, काँक्रीट इ. सच्छिद्र द्रव्यांत मुरलेले पाणी आळीपाळीने गोठते व वितळते. त्यामुळे त्यांना तडे जातात, पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात व कडा झडतात. तापमान हिवाळाभर गोठणबिंदूखाली स्थिर राहते तेथपेक्षा ते ०° से. च्या वरखाली वारंवार होत असते तेथे ही हानी सामान्यतः अधिक होते. तिच्या अभ्यासाच्या इतिहासात उपाय आधी सापडले व कारण मागाहून उमगले, असे अनेकदा घडले आहे.

रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) यांनी रोमभोवतालचे काही मऊ दगड हिमतुषारांनी भुगा होऊन विरतात, असे नमूद केले आहे. दगड बांधकामापूर्वी दोन वर्षे, उन्हाळ्यात, खाणीतून काढून उघड्यावर ठेवावेत. ज्यांना इजा होईल ते पायात घालावेत व जे टिकतील ते जमिनीवरील कामास वापरावेत, असा त्यांचा दंडक होता. निसर्गालाच परीक्षक नेमणारी ही रीत विश्वसनीय खरी, पण तिला वेळ फार लागे.

हा वेळ वाचविणारी कसोटी फ्रेंच खनिजविज्ञ ब्रार यांनी १८२० नंतरच्या दशकात सुचविली. दगडाचा लहान ठोकळा सोडियम सल्फेटाच्या संपृक्त विद्रावात उकळून हवेत टांगीत. छिद्रांत वाढणारे लवणाचे स्फटिक बर्फाप्रमाणेच दाब देतात, या कल्पनेने झडलेल्या कणांच्या वजनावरून दगडाची प्रत ठरवीत. १८३४ च्या आगीनंतर लंडनमधील संसदभवनाच्या पुनर्बांधणीसाठी दगड निवडण्यास नेमलेल्या समितीने (अहवाल १८३९) हीच कसोटी वापरली. वास्तुविशारद चार्ल्स बॅरी आणि भूवैज्ञानिक दे ला बेश व विल्यम स्मिथ हे तिचे सदस्य होते. प्रत्यक्षात ॲन्स्टन येथील मॅग्नेशियमी चुनखडक वापरण्यात आला. मात्र थोड्याच वर्षांत तो झडू लागला व १८६१ मध्ये त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. येथे मुख्य अपराधी थंडी नव्हती. कोळशाच्या धुरातील गंधकाम्ल होते. एका शत्रूसाठी घेतलेली परीक्षा दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडली नाही. पुढे १९३० नंतरच्या दशकात खराब झालेल्या दगडाच्या जागी क्लिपशॅम येथील चुनखडक बसविण्याचे काम सुरू झाले.

काँक्रीटच्या बाबतीत उपाय जवळजवळ अपघाताने हाती आला. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी लवण टाकले जाई व त्यामुळे काँक्रीटचे पृष्ठभाग खवलत. काही रस्ते मात्र चांगले टिकले. त्यांतील सिमेंट दळताना चरबी वा राळेसारखी द्रव्ये मिसळली होती व त्यांच्यामुळे काँक्रीटमध्ये हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकले होते, असे दिसून आले. हवेने बळ थोडे घटते; त्यामुळे मुद्दाम हवा कोंडण्याची कल्पना अभियंत्यांना प्रथम विपरीत वाटली असल्यास नवल नाही.

ट्रेव्हल पॉवर्झ यांनी १९४५ मध्ये याचा अर्थ लावला : गोठणारे पाणी उरलेल्या पाण्याला अरुंद छिद्रांतून रेटते व त्या दाबाने भिंती फुटतात; जवळच बुडबुडा असल्यास पाण्याला वाट मिळते. म्हणून हवा किती, यापेक्षा बुडबुडे किती जवळजवळ आहेत, हे महत्त्वाचे ठरते. हे अंतर सु. ०·२ मिमी. च्या आत असावे, असे आता मानतात. पुढे हेल्मथ यांच्यासह केलेल्या प्रयोगांत (१९५३) हवायुक्त सिमेंट गोठताना आकुंचन पावते, म्हणजे पाणी बर्फापासून दूर न जाता बर्फाकडेच खेचले जाते, असे आढळले. तेव्हा पॉवर्झ यांनी स्वतःच आपली उपपत्ती सुधारली.

या ओढीचा पुरावा मातीच्या अभ्यासात आधीच मिळाला होता. पाणी गोठताना त्याचे आकारमान सु. ९% वाढते, एवढ्यावर जुने स्पष्टीकरण उभे होते. परंतु स्टीफन टेबर यांनी (१९२९-३०) गोठताना आकुंचन पावणारे बेंझीन मातीत भरले, तरी माती फुगलीच. वाढता स्फटिक खालून द्रव ओढून घेत राहतो, हे त्यावरून सिद्ध झाले. वॉल्डर व हॅलेट यांनी १९८५ मध्ये हाच विचार खडकातील भेगांना लावला. −४° ते −१५° से. या टप्प्यात भेगा सर्वांत जलद वाढतात, असे त्यांचे गणित होते. ब्रार यांची कल्पना, स्फटिकाच्या वाढीपुरती, यामुळे एका अर्थी खरी ठरली. काँक्रीटमधील खडीच्या टिकाऊपणासाठी सोडियम सल्फेटाची कसोटी अद्याप वापरात आहे.