मुंबईच्या गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रिया : स्वयंरोजगार आणि उधारीचा इतिहास

प्रस्तावना

मुंबईच्या कापड-गिरण्यांचा इतिहास प्रामुख्याने मालकांचे भांडवल, कामगारांचे संघटन आणि संपांचे राजकारण या अंगांनी लिहिला गेला. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोड या परिसरातील हजारो पुरुष वर्षानुवर्षे कोणाच्या हातचे जेवले, हा प्रश्न त्यात गौण राहिला. उत्तर सर्वांना ठाऊक होते. दहा बाय बाराच्या खोलीत, स्वतःच्या संसाराची चूल पंधरा-वीस परक्या माणसांसाठी पेटवणारी खानावळवाली हे गिरणगावाचे रोजचे दृश्य होते. रोजचे म्हणूनच ते नोंदले गेले नाही. ही स्त्री कोणाची नोकर नव्हती, कोणाची मालकीणही नव्हती. तिच्या कामाला वेतन नव्हते, दुकानाला पाटी नव्हती, आणि हिशेबाची वही असलीच तर ती बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हस्ताक्षरात असे. खानावळवाली ही गिरणी उद्योगाच्या परिघावरची व्यक्ती नसून त्या उद्योगाच्या वेतनव्यवस्थेला पदरचे भांडवल पुरवणारी घटक होती, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

एकट्या पुरुषांची वस्ती

कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढील अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून मजुरांचा ओघ मुंबईकडे वळला. यातील बहुसंख्य पुरुष एकटे आले. गावची तुटपुंजी जमीन, म्हातारे आईवडील आणि बायकामुले गावीच राहिली. एका गावच्या मंडळींनी मिळून गाळा भाड्याने घ्यायचा, पाळीपाळीने झोपायचे, ट्रंक आणि वळकटी भिंतीशी लावायची, ही रीत रूढ झाली. मालकांनी घरे फारशी बांधली नाहीत आणि वेतन कुटुंब मुंबईत आणण्याइतके दिले नाही. म्हणजे कामगाराच्या पोषणाचा अर्धा भार गावच्या शेतीवर आणि उरलेला शहरातील कोणावर तरी पडणार, हे या रचनेतच गृहीत होते.

तो ‘कोणीतरी’ म्हणजे खानावळवाली. ती कोण होती? काही जणी कामगारांच्या बायका होत्या. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात, विशेषतः तो ‘बदली’ कामगार असेल तर, घर चालत नसे. काही विधवा होत्या, काही टाकलेल्या. काही पूर्वी स्वतः गिरणीत होत्या. ही शेवटची बाब महत्त्वाची आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. त्या मुख्यतः रिळे व कांड्या भरण्याच्या खात्यांत काम करीत. पुढे यांत्रिकीकरण व कामवाढीच्या योजनांचा फटका याच खात्यांना बसला. स्त्रियांच्या रात्रपाळीवर कायद्याने बंदी होती आणि १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्यानंतर स्त्री कामगार मालकांना ‘महाग’ वाटू लागली. संरक्षणासाठी केलेल्या कायद्याचा परिणाम हकालपट्टीत व्हावा, हा विरोधाभास राधा कुमार यांच्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणला आहे. १९७० च्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण नगण्य झाले होते. गिरणीच्या दरवाजाबाहेर पडलेली स्त्री श्रमातून निवृत्त झाली नाही. ती चाळीच्या खोलीत, कोणत्याही कायद्याच्या कक्षेबाहेर, तोच उद्योग चालता ठेवू लागली.

खानावळीची निवड जातीने, गावाने आणि चवीने ठरत असे. कोकणच्या माणसाला भात आणि मासळी हवी, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कालवण. यात आपलेपणा होता, तसाच विटाळाचा नियमही होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जाई, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित केला होता. जिथे यंत्राच्या धोट्याला विटाळ होत होता, तिथे ताटवाटीला तो होत नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. खानावळीच्या आठवणींतील जिव्हाळ्याचे वर्णन करताना ही बाजू बहुधा गाळली जाते.

चाळीस दिवसांची उधारी

गिरण्यांत तीन पाळ्या सुरू झाल्यावर खानावळवालीचा दिवस पाळ्यांनी कापला. पहिल्या पाळीच्या माणसाला पहाटे निघताना चहा आणि डबा, दुसऱ्या पाळीच्या माणसाला दुपारपूर्वी जेवण, रात्रपाळीहून परतणाऱ्याला सकाळी. बाजारहाट, दळण, पाणी भरणे आणि भांडी हे सगळे यांच्या मधल्या फटीत. मात्र कष्टांचे वर्णन एवढ्यावरच थांबले तर खानावळ ही केवळ घरकामाची विस्तारित आवृत्ती वाटते. तिचा खरा आर्थिक गाभा उधारीत आहे.

गिरणीत पगार महिन्याने होई, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने एक हजार व त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पगार देण्याची मुभा दिली. याचा खानावळीच्या हिशेबावर होणारा परिणाम सरळ गणिताने पाहता येतो. एक जूनला जेवू लागलेला कामगार जूनचे पैसे दहा जुलैला देतो. त्या दिवशी सकाळी त्याच्या खात्यावर चाळीस दिवसांचे जेवण चढलेले असते. पैसे चुकते केल्यावरही दहा दिवसांचे उरतेच. म्हणजे प्रत्येक माणसामागे दहा ते चाळीस दिवसांच्या अन्नाची किंमत तिची सतत बाहेर अडकलेली असे. अशी पंधरा माणसे धरली तर ही रक्कम तिच्या स्वतःच्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होते.

हे भांडवल तिच्याकडे कुठून येणार? वाण्याकडून धान्य उधारीने आणायचे, आणि उधारीचा भाव रोखीच्या भावाहून चढा असायचा. मापाबद्दल आणि मालाच्या प्रतीबद्दल उधारीच्या गिऱ्हाइकाने तक्रार करायची नसते, हेही ओघाने आलेच. वाण्याने हात आखडला की गळ्यातले किंवा हातातले काही गहाण पडे, आणि तेही संपले की सावकार किंवा पठाण. व्याज महिन्याच्या हिशेबाने लागे. मालक श्रम आधी घेतो आणि दाम नंतर देतो. मधल्या काळात श्रमिकाला जिवंत ठेवण्याचा खर्च खानावळवाली कर्ज काढून करते आणि त्या कर्जाचे व्याजही तीच भरते. मालकाच्या ताळेबंदात न दिसणारे हे बिनव्याजी खेळते भांडवल होय. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात जॉबर, दुकानदार, सावकार आणि शेजार यांचे जाळे गिरणीतील कामगार-संबंधांपासून वेगळे काढता येत नाही, हे दाखवून दिले. त्या जाळ्यात खानावळवालीचे स्थान जॉबरइतकेच मध्यवर्ती मानावयास हवे. फरक एवढाच की जॉबर त्यातून सत्ता मिळवी आणि ती त्यातून कर्ज.

रेशनिंगची आणखी एक अडचण होती. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले. शिधापत्रिका कुटुंबाची माणसे मोजणारी; चूल मात्र परक्या पंधरा जणांची. रॉकेलचेही तेच.

संपकाळ

या व्यवस्थेची कसोटी संपात लागे. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. १९७४ चा संप बेचाळीस दिवसांचा होता. संपनिधी, गावाकडून आलेले धान्य, सहानुभूतीदारांची मदत यांचे उल्लेख कामगार चळवळीच्या इतिहासात सापडतात. पण संपाच्या पहिल्या दिवशी आणि दहाव्या दिवशीही मुंबईत थांबलेला एकटा कामगार जेवत होता तो खानावळीतच, आणि पगार बंद असल्याने ते जेवण वहीतच लिहिले जात होते. संप टिकला की मोडला, हे ठरवणाऱ्या घटकांत वाण्याची आणि खानावळवालीची सहनशक्ती हा एक घटक होता. तिने वाढणे थांबवले असते तर पुढारी काय करणार होते?

याला केवळ त्याग म्हणणे पुरेसे नाही. वाढणे थांबवल्यास मागची बाकी बुडणार, माणूस दुसरीकडे जाणार किंवा गावी निघून जाणार; वाढत राहिल्यास संप मिटल्यावर सगळे मिळण्याची आशा तरी होती. आधीच अडकलेली उधारी तिला पुढची उधारी द्यायला भाग पाडत होती. भाऊबंदकीची भावना आणि ऋणकोला सोडता न येण्याची धनकोची अगतिकता, ही दोन्ही एकाच ताटात होती.

बँकेच्या दारात

गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झालेल्या आणि पुढे गिरणगावात कम्युनिस्ट कार्यकर्त्या म्हणून वावरणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी १९७४ च्या संपात खानावळवाल्यांची ही कोंडी जवळून पाहिली. संपात लढणाऱ्या पुरुषांसाठी संघटना होती. त्यांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांसाठी काहीच नव्हते. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात केली. पहिली मागणी वेतनाची किंवा सुट्टीची नव्हती, ती स्वस्त कर्जाची होती. रोगाचे निदान नेमके होते असे म्हणावे लागते.

काळही अनुकूल होता. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ मध्ये ‘विभेदक व्याजदर योजना’ आली होती. तीत दुर्बल घटकांना उत्पादक कामासाठी वार्षिक चार टक्के दराने, तारणाशिवाय कर्ज देण्याची तरतूद होती. खेळत्या भांडवलाची मर्यादा १५०० रुपये होती. १५०० रुपयांवर चार टक्के म्हणजे महिन्याला पाच रुपये व्याज. गहाणवट आणि पठाण पाहिलेल्या स्त्रीला हा आकडा प्रथम खोटाच वाटला असल्यास नवल नाही. बँक ऑफ बडोदाने पहिल्या तुकडीत चौदा स्त्रियांना कर्ज दिले, आणि पुढे ही संख्या हजारोंत गेली.

योजना कागदावर होती, पण खानावळवाली कागदावर नव्हती. दुकान नाही, परवाना नाही, खोली नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, सहीऐवजी अंगठा. ‘तुमचा धंदा कोणता?’ या प्रश्नाला ‘जेवण करते’ हे उत्तर बँकेच्या अर्जात बसत नव्हते. मंडळाने स्त्रियांचे वस्तीनिहाय गट बांधले, गटाने परस्परांची हमी घेतली, अर्ज भरण्यापासून हप्ता पोहोचवण्यापर्यंतची कामे कार्यकर्त्यांनी केली. चूल हा ‘धंदा’ आहे, ही मान्यता बँकेच्या खातेवहीत प्रथम मिळाली. मीरा सावरा यांनी १९८१ मध्ये या संघटनकार्याची नोंद केली आणि १९८४ मध्ये जेना एव्हरेट यांच्यासह बँक-कर्जाचा गरीब स्त्रियांना खरोखर लाभ होतो का, असा प्रश्न विचारला. हा प्रश्न रास्त होता. स्वस्त कर्जाने व्याज कमी झाले, वाण्याशी रोखीने बोलता आले. पण चाळीस दिवसांची उधारी तशीच राहिली, कारण तिचे मूळ गिरणीच्या पगारपत्रकात होते. कामाचे तासही कमी झाले नाहीत.

या संदर्भात अहमदाबादची तुलना उद्बोधक आहे. तेथे १९७२ मध्ये ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना थेट कापड कामगारांच्या मजूर महाजनातून जन्माला आली आणि तिने १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँक काढली. मुंबईत अन्नपूर्णा मंडळ राष्ट्रीयीकृत बँकांवर विसंबले आणि गिरणी कामगार संघटनांच्या बाहेर उभे राहिले. खानावळवालीला सभासद करून घेण्याची कल्पना मुंबईच्या मोठ्या कामगार संघटनांना सुचली नाही. जिला मालक नाही ती कामगार कशी, ही त्यांची अडचण असावी. पुढे १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या ‘श्रमशक्ती’ अहवालाने या व्याख्येलाच हात घातला. तोवर गिरणगावाला उशीर झाला होता.

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पूर्वीच्या संपांत उधारीला शेवट होता; कधीतरी भोंगा वाजणार आणि दहा तारीख उजाडणार होती. या वेळी ती उजाडली नाही. महिने लोटले तसे एकटे कामगार गावी परतले, आणि त्यांच्यापैकी लाखभर पुन्हा कामावर घेतलेच गेले नाहीत. त्यांच्याकडची येणी कोणत्या पत्त्यावर वसूल करायची? वाण्याची बाकी मात्र शेजारच्याच दुकानात होती. अन्नपूर्णा मंडळाने पुढे सामूहिक स्वयंपाकघर आणि जेवण पुरवण्याच्या कंत्राटांकडे मोर्चा वळवला. प्रेमाताई पुरव यांना २००२ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. बाकी अनेकींच्या हाती पोळीभाजी केंद्र, घरकाम किंवा सकाळचा चहा-नाश्त्याचा टोपला आला.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीसाठी खुल्या केल्या, आणि २००१ मधील बदलांनंतर त्या जमिनींवर गिरणी कामगारांसाठी घरे बांधण्याची तरतूद झाली. ‘म्हाडा’ने २०१२ मध्ये अशा घरांची पहिली सोडत काढली. पात्रतेसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असणे आवश्यक होते. पुराव्यादाखल गिरणीचे ओळखपत्र, तिकीट क्रमांक, कामगार विमा कार्ड किंवा भविष्यनिर्वाह निधीची नोंद मागितली गेली. खानावळवालीकडे यांपैकी काहीच नव्हते. तिला अर्ज करायचा असेल तर कामगाराची विधवा म्हणूनच करता येत होता, आणि त्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात नवऱ्याचे खाते लिहायचे होते.